खुंटीवरची ग्रामसभा

“ग्रामसभा कुणीकुणी पाहिली आहे? हात वर करा.”

नववीच्या वर्गात बेचाळीस मुलं होती आणि एकही हात वर झाला नाही. मला बरंच वाटलं. कुणी हात वर केला असता तर त्याला पुढं काय विचारायचं, हे मलाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एक हात हळूच वर आला. सारिका तुपे.

“तू पाहिलीस? कुठं?”

“आमच्या घरी, सर.”

वर्ग खो खो हसला.

“घरी?”

“हो सर. खुंटीला असती. पिशवीत.”

मग तर काही पोरं बाकावर डोकं टेकून हसायला लागली. सारिका मात्र लाजली नाही की रडवेली झाली नाही. एवढं हसण्यासारखं काय झालं, ते शोधत ती सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत होती. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो, कारण माझाही त्या वेळी तसाच झाला असणार. मी शिट्टी वाजवून वर्ग गप्प केला. दुसरा उपाय मला येत नव्हता.

मी पी.टी.चा मास्तर. हिंगणदऱ्याच्या हायस्कूलमध्ये मी कवायत घ्यायचो, खो-खोचा संघ तालुक्याला न्यायचो आणि प्रार्थनेच्या वेळी पोरं सरळ रांगेत उभी करायचो. नागरिकशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की शाळेत असताना ते मी ऑप्शनला टाकलं होतं. आमच्या शाळेतही त्याला कुणी विचारत नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला ते लोंबायचं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जाधवबाई एका तासात सगळं राज्यघटनेपासून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत उरकायच्या. पण त्या वर्षी आमच्या शिक्षणसंस्थेच्या मनात आलं आणि फतवा निघाला. नागरिकशास्त्र सक्तीचं. तास वेगळा, परीक्षा वेगळी. दहा गुण वहीला, दहा तोंडीला, आणि त्यात सात मिळाले नाहीत तर पुढचा वर्ग नाही. आता हा तास घ्यायचा कुणी? गणिताच्या मास्तरांना वेळ नाही, इंग्रजीच्या मास्तरांना तर श्वास घ्यायला सवड नाही. पावसाळ्यात मैदानावर चिखल आणि मी रिकामा. पडला तास माझ्या गळ्यात.

वहीसाठी संस्थेनं विषय दिला होता, ‘मी पाहिलेली ग्रामसभा’. दोन ऑक्टोबरला गावात ग्रामसभा असते असं पुस्तकात होतं, म्हणून मी मुलांना सांगितलं, सभेला जा, डोळ्यांनी बघा आणि एक पान लिहा. प्रत्यक्षात दोन ऑक्टोबरला मीच सगळ्यांना शाळेची झाडलोट करायला बोलावून घेतलं आणि दिवसभर खराटे हाणले. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती वह्या हातात पडल्यावर.

वह्या तपासायला मात्र सोप्या होत्या. गाईडमध्ये दोन रुपये जास्त देऊन ‘नमुना अहवाल’ मिळत होता, तो एक्केचाळीस जणांनी उतरवला होता. ‘सरपंचांनी सर्वांचे स्वागत केले. ग्रामस्थांनी पाणी, रस्ते व दिवाबत्ती यांविषयी प्रश्न विचारले. चर्चेअंती ठराव मंजूर झाले. राष्ट्रगीताने सभेची सांगता झाली.’ एकानं तर गाईडमधल्या गावाचं नावही तसंच ठेवलं होतं. मी सगळ्यांना आठ-आठ गुण देत सुटलो. मग बेचाळिसावी वही उघडली.

‘ग्रामसभा ही एक जाड वही असते. तिला लाल पुठ्ठा असतो. माझे वडील ती वर्षातून चार-पाच वेळा कचेरीतून आणून आमच्या खुंटीला अडकवतात. सकाळी ते म्हणतात, ग्रामसभा उरकून येतो. सुट्टी असेल तर मीही जाते व शाईचा पॅड धरते. ग्रामसभा आधी सरपंचांच्या घरी होते, मग वरच्या आळीला, मग मळ्यात. बायका चुलीपुढे अंगठा देतात. काही विचारतात, कशाचा अंगठा? वडील म्हणतात, गावाचा. ग्रामसभेत कोणी भांडत नाही, कारण एका वेळी एकच माणूस असतो. आमचे शेडगे सर ग्रामसभेला मैदानावर हजर असतात. ते शिट्टी तोंडातून न काढता सही करतात. संध्याकाळी सह्या भरल्या की ग्रामसेवक भाऊसाहेब वरच्या जागेत काय काय ठरले ते लिहितात. मग ग्रामसभा संपते.’

शेडगे सर म्हणजे मी.

मी ते पान तीनदा वाचलं. सारिकाचे वडील रंगनाथ तुपे ग्रामपंचायतीचे शिपाई. काखेत लाल वही घेऊन ते मैदानावर यायचे, “सर, येवढी सही,” म्हणायचे आणि मी कवायतीच्या मोजणीत खंड न पाडता सही ठोकायचो. कशावर करतो ते कधी विचारलं नव्हतं. टपालवाल्याला कुणी विचारतं का? आता हिशेब लागला. त्या गावात राहायला आल्यापासून मी एकही ग्रामसभा चुकवली नव्हती.

आता गुण किती द्यायचे? पुस्तक म्हणतं, ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. म्हणजे पोरीचं उत्तर साफ चूक. पण अहवाल पाहिलेल्या गोष्टीचा मागितला होता आणि पाहिलेलं लिहिणारी वर्गात ती एकटीच. म्हणजे बाकीची एक्केचाळीस चूक. डोकं चालेना. मी वही घेऊन मुख्याध्यापकांकडं गेलो.

खलाटे सर जुने-जाणते, कशानंही न हलणारे. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून पान वाचलं आणि वही मिटली.

“छान अक्षर आहे.”

“सर, अक्षराचं नाही. हे खरं आहे.”

“शेडगे, शनिवारी संस्थेचे निरीक्षक तोंडी घ्यायला येणार आहेत. सरपंच आणि ग्रामसेवक पिसाळ भाऊसाहेब पाहुणे म्हणून बसणार आहेत. वह्या टेबलावर मांडायच्या आहेत. ही वही त्यांच्या हातात पडली तर काय होईल? भाऊसाहेबांचं काही होणार नाही, सरपंचांचं काही होणार नाही. घरोघर कोण हिंडलं? शिपाई. मग शिपायाचं होईल.”

“पण सभा झालीच नाही ना, सर?”

“झाली की. वहीत आहे. तुमची सही आहे.” ते माझ्याकडं बघून हसले. “तुमच्या पी.टी.च्या हजेरीपत्रकात वर्ग भरलेला असतो. त्यातली पोरं मैदानावर किती असतात आणि ओढ्यात किती? मी कधी विचारलंय?”

त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. ते म्हणाले, पोरीकडून दुसरं लिहून घ्या.

मधल्या सुट्टीत मी सारिकाला बोलावलं.

“हे पुन्हा लिहायचं.”

“चुकलंय का, सर?”

“चुकलं नाही.”

“मग बरोबर हाय?”

“बरोबरही नाही.” मी घसा खाकरला. “हे बघ, ग्रामसभा म्हणजे वही नव्हे. गावातली माणसं एका जागी जमतात, बोलतात, विचारतात. वही नंतरची. ठरावीक माणसं जमली नाहीत तर कोरम होईपर्यंत थांबतात. मी तुम्हाला लिहून दिलं होतं ना?”

“कुठं जमतात, सर?”

“चावडीत.”

“आपल्या चावडीत?” तिचे डोळे मोठे झाले. “मग सर, तुमी सही केली ती कुठल्या सभेची?”

तिनं हे मला अडकवायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, “आधी लिहून आण.” मास्तराला उत्तर येत नसलं की तो गृहपाठ देतो.

दुसऱ्या दिवशी सारिका वही घेऊन आली नाही. संध्याकाळी मी फक्की टाकून खो-खोच्या रेघा मारत होतो तेव्हा तिचे वडील आले. काखेला तीच पिशवी. सवयीनं माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला.

“सही न्हाय, सर,” रंगनाथ म्हणाले आणि पिशवीतून सारिकाची वही काढली. “काल रातच्याला जेवताना मला इचारती, तात्या, खरी ग्रामसभा कुठं आसती? मी म्हनलं, का गं? तवा हे दावलं.”

“तुम्ही वाचलंत?”

“वाचलं. शब्दाला शब्द खरं हाय.” ते फक्कीच्या डब्याजवळ उकिडवे बसले. “सर, बारा वर्सं झाली. रोजंदारीवर झाडतोय, दवंडी देतोय, पानी सोडतोय. औंदा कायम करनार म्हणून भाऊसाहेबांनी कागद तयार केलाय. सरपंचांची सही तेवढी ऱ्हायलीय. आन शनिवारी त्ये दोघं हितंच बसनार.”

“मी तिला दुसरं लिहायला सांगितलंय.”

“न्हाय लिहीत. मारून बघितलं.” हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली. “पयल्यांदाच हात उगारला तिच्यावर. म्हणती, तात्या, मी बघितलंय ते लिवलं. न बघितलेलं कसं लिवू? आता हिला काय सांगायचं तुमीच सांगा. खोटं बोलू नगं म्हणून आपनच शिकवायचं आन…”

त्यांनी डब्यातली फक्की चिमटीत घेऊन पुन्हा डब्यात सोडली.

“एक करा, सर,” ते म्हणाले. “नापास करा तिला.”

“काय?”

“नापास पोरांच्या वह्या टेबलावर मांडत न्हाईत. खलाटे सरांनी सांगितलं. शून्य द्या आन वही कुलपात टाका. कायम झालो की मी तिला दुप्पट शिकवीन.”

बाप मास्तरासमोर हात जोडून पास करा म्हणतो, हे मी खूप पाहिलं होतं. हे नवीन होतं. मी त्यांना काय म्हणालो ते आठवत नाही. एवढं आठवतं, की माझ्याच हातानं त्या पानावर लाल शाईनं शून्य काढलं आणि त्याला गोल करताना फक्की लागून शून्य जरा पांढुरकं झालं. रंगनाथ उठले, पिशवी झटकली आणि गेले. मी रेघा पुन्हा मारायला घेतल्या तर सगळ्या वाकड्या.

शनिवारी सकाळी वर्ग नटला. सतरंजी आणि खुर्च्या ग्रामपंचायतीच्या, त्या रंगनाथांनीच वाहून आणल्या. मधल्या खुर्चीवर निरीक्षक देशमाने, एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला पिसाळ भाऊसाहेब. टेबलावर एक्केचाळीस वह्या. दाराशी चहाचं ताट धरून रंगनाथ.

देशमान्यांनी दोन-चार प्रश्न विचारले. पोरांनी धडाधड उत्तरं दिली. साहेब खूश झाले. मग खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, “आता सांगा, ग्रामसभा कुणीकुणी पाहिली आहे? हात वर करा.”

प्रश्न माझाच होता. पण या वेळी सपासप हात वर झाले. पढवलेली पोरं ती. मी हात मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. खिडकीजवळचा एक हात खाली होता.

“अरे वा! आणि तू गं? उभी राहा. तू नाही पाहिलीस?”

सारिका उठली. तिनं बापाकडं पाहिलं नाही. भाऊसाहेबांकडंही नाही. ती माझ्याकडं बघत होती. ताटातल्या कपबश्या किणकिणल्याचं मला ऐकू आलं.

“नाही सर,” ती म्हणाली. “मी ग्रामसभा पाहिलेली नाही.”

“सगळ्या वर्गानं पाहिली आणि तू एकटी नाहीस? सभा असते तेव्हा तू कुठं असतेस?”

तिनं बाकावरचं पेन उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

“वडील काय करतात तुझे?”

“कामाला जातात.”

“वडिलांना सांग, कामं रोजचीच आहेत. चार दिवस गावासाठी काढावेत माणसानं.” साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं. मग ते माझ्याकडं वळले. “सर, तुम्ही या मुलांना सभेला घेऊन गेला होतात ना?”

अजूनही मला वाटतं, तेवढ्या वेळात मी काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते मात्र आजही नीट सांगता येत नाही. खरं बोललो तर रंगनाथांची बारा वर्षं पाण्यात, आणि पोरीनं आत्ता जे वाचवलं ते मी बुडवणार. खोटं बोललो तर मी मास्तर कसला? इकडे आड, तिकडे विहीर. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी भाऊसाहेबच बोलले.

“शेडगे सर? अहो, सर दर सभेला हजर असतात. वहीत सह्या आहेत त्यांच्या. पाहिजे तर मागवतो वही.”

“कमाल आहे!” देशमाने म्हणाले. “पी.टी.चे शिक्षक असून! मुलांनो, सरांसाठी टाळ्या.”

टाळ्या झाल्या. सारिकानंही वाजवल्या. मनापासून वाजवल्या की कशा, ते मला तिच्या तोंडावरून कळलं नाही.

रंगनाथ जानेवारीत कायम झाले. सारिकाची तोंडी एप्रिलमध्ये पुन्हा घेतली आणि नवी वही लिहून घेतली. या वेळी तिनं गाईडमधला नमुना अहवाल कानामात्रेसकट उतरवला, राष्ट्रगीतासकट. मी तिला आठ गुण दिले. तिनं वही बंद करून दप्तरात टाकली आणि पुढं दहावी होईपर्यंत मला कधी काही विचारलं नाही. मीही हायसं वाटून घेतलं. त्यानंतरही लाल वही मैदानावर येत राहिली आणि मी सही करत राहिलो. फक्त शिट्टी तोंडातून काढायला लागलो, एवढाच फरक.

चार वर्षांनी एक मेची सकाळ. झेंडावंदन आटोपून मी मैदानावर दोऱ्या गुंडाळत होतो. रंगनाथ आले. त्यांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. घरटी नावं ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत. पान जवळजवळ भरलं होतं. माझ्या नावाच्या वर एक नाव होतं, सारिका रंगनाथ तुपे, आणि त्याच्यापुढची जागा कोरी.

“पोरगी मतदार झाली?”

“औंदाच.”

“मग सही?”

रंगनाथांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं. “न्हाय म्हणती. म्हणती, तात्या, नोटीस अकराची हाय. मी अकराला चावडीत जाऊन बसती. सभा झाली की करती सही.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हननार? किल्ली माझ्याकडंच आसती.” ते जरासं हसले. “दार उघडून देऊन आलोय.”

मी पेन उघडलं होतं. ते तसंच कितीतरी वेळ हातात होतं. मग टोपण लावून खिशात टाकलं, गळ्यातली शिट्टी काढून दोऱ्यांवर ठेवली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

चावडीत सारिका एकटीच सतरंजीवर बसली होती. पाठ ताठ, वर्गात बसायची तशीच. मला बघून उठायला लागली, मग काय वाटलं कोण जाणे, बसूनच राहिली.

“या सर. बसा.”

मी बसलो. रंगनाथांनी लाल वही टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. घड्याळात अकरा वाजून गेले. बाहेर कुणी फिरकलं नाही. सोळा वर्षं ही वही काखेत घेऊन हिंडलेला तो माणूस माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाला, “सर, आता काय करायचं आसतं?”

मी नागरिकशास्त्राचा मास्तर. मला आठवेना. मी सारिकाकडं पाहिलं.

“थांबायचं,” ती म्हणाली. “कोरम होईपर्यंत थांबतात. सरांनीच लिहून दिलंवतं.” मग तिनं सतरंजीवरची आपल्या बाजूची जागा हातानं झाडली. “तात्या, उभं का? तुमचंबी नाव हाय यादीत. बसा की.”

रंगनाथांनी आधी दाराकडं पाहिलं, मग टेबलामागच्या सरपंचांच्या रिकाम्या खुर्चीकडं. चपला दाराबाहेर नेऊन काढल्या आणि सतरंजीच्या कडेला येऊन टेकले.

आम्ही तिघं झालो.